बोटं, तळवा, छाती

डेस पेनबर्थीच्या शेडमध्ये फक्कीचं एक पोतं कायम असे. मैदानावर रेघा मारायची पांढरी भुकटी, तीच. पोर्ट हॅलिनच्या फुटबॉल क्लबात रेघा रंगानं मारायला लागून वीस वर्षं होऊन गेली, तरी डेसचं पोतं काही हटलं नाही. इथला भर उन्हाळ्याचा जानेवारी लागला, बार्लीची कापणी उरकली, गोदामाबाहेरची ट्रकांची रांग ओसरली, की तो बादलीभर फक्की काढायचा, वर ओलं फडकं टाकायचा आणि चालत मैदानावर जायचा. पाच मंगळवार, संध्याकाळी साडेपाच. मोसम एप्रिलमध्ये सुरू व्हायचा, पण गोल मारणारा फॉरवर्ड कोण होणार हे या पाच मंगळवारांत ठरायचं आणि ते डेस ठरवायचा. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला.

"आला बघ चुना लावायला," पोरं आपसांत म्हणायची, डेसला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

"लावतो तर," डेस म्हणायचा. "ज्याला लागेल तो घरी जाईल."

त्याची रीत साधी होती. इथला फुटबॉल हातांनीही खेळतात; त्याचा लांबोडका चेंडू फक्कीत घोळवायचा. कुणीतरी तो लांबून लाथेनं उंच उडवायचा. फॉरवर्डनं पाठीशी चिकटलेल्या बचाववाल्याला हुलकावणी देऊन सुटायचं आणि चेंडू वरच्या वर धरायचा. जमिनीला न टेकता धरला की तो मार्क, मग थांबून निवांतपणे खांबांमधून गोल मारायचा हक्क. मार्क घेतला की पोरानं डेसपुढं यायचं आणि हात पुढं करायचे. डेस एकच शब्द बोलायचा. सगळ्यात चांगलं म्हणजे नुसती बोटं पांढरी; तसं असलं तर "बोटं." तळहात पांढरा असला तर "तळवा." जर्सीवर पांढरा डाग असला, म्हणजे हातांवर भरवसा नाही म्हणून चेंडू कवटाळला, तर "छाती." बास. पोरानं तोंड उघडायचं नाही हा दुसरा नियम. ऊन डोळ्यात आलं, वारा फिरला, मागून ढकललं, असली रडगाणी ऐकायला डेस रिकामा नव्हता. क्लबच्या अध्यक्षाच्या पोरालासुद्धा त्यानं बापादेखत "छाती" म्हणून वाटेला लावलं होतं. त्या घरातलं माणूस पुढं वर्षभर डेसशी बोललं नाही. "बरं झालं," डेस म्हणाला होता, "बोलून तरी काय दिवे लावले असते."

माणूस असा कडक जन्मतः नसतो. डेस स्वतः तेरा मोसम फुल फॉरवर्ड, म्हणजे अगदी गोलाजवळचा, खेळला. आठवडाभर धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर काम आणि शनिवारी खेळ. एका वर्षी त्यानं एकशे चार गोल मारले. ते आज कुणाच्या लक्षात नाहीत. गावाच्या लक्षात आहे ती एकोणऐंशीची फायनल. भोंगा वाजायला मिनिटभर उरलं होतं, क्लब चार गुणांनी मागं होता, एका गोलाचे सहा मिळतात, आणि चेंडू सरळ डेसच्या हातात आला. आसपास चिटपाखरू नव्हतं. चेंडू त्याच्या तळव्यावर आपटला आणि निसटला. एवढंच झालं. पण छोट्या गावात एवढंच पुरतं, माणूस म्हातारा होईपर्यंत पुरतं. बेकरीत पाव घ्यायला गेला की कुणीतरी म्हणणार, "नीट धर रे डेस, सांडशील." तोही हसायचा. पुढच्या जानेवारीत तो खेळायला गेलाच नाही. फक्कीची बादली घेऊन गेला. आपल्याला जे झालं ते आपल्या हातून निवडलेल्या पोराला होऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्यानं धरलं आणि ते धरून तो एकाहत्तर वर्षांचा झाला.

दोन वर्षांपूर्वी त्याचे डोळे बिघडले. सगळे नाही, मधलेच. समोर बघितलं की मध्ये करडा डाग, आणि डागाच्या कडेनं जग शाबूत. माणसाचं तोंड बघावं तर तोंडाच्या जागी डाग, कान मात्र दिसताहेत. होडीच्या इंजिनाचा भाग आणायचाय असं बायकोला, नोरीनला, सांगून तो बसनं शहरातल्या डॉक्टरकडं एकटाच गेला. डॉक्टर बाई चांगली होती, खोटं बोलली नाही. मधलं गेलं ते गेलं, म्हणाली, कडेचं राहील. परत येताना बसमध्ये डेसनं मान वाकडी करून बघायचं शिकून घेतलं. कडेनं बघितलं तर चालतं. नुसता रंग आणि हालचाल कळते, पण कळते.

नोरीनला त्यानं काही सांगितलं नाही. गाडी चालवायचं सोडलं, गुडघ्यांना चालणं बरं म्हणाला. सकाळी पेपर हातात धरून बसायचा आणि थोड्या वेळानं तिच्याकडं सरकवायचा. "तू वाच. तुझ्या आवाजात बातम्या बऱ्या वाटतात." पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला हे आत्ताच सुचलं, तरी ती काही न बोलता वाचायची. डॉक्टरकडून आल्यावर त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती. कळलं की लोक हळहळतील, पाठीवर हात ठेवतील, आणि मंगळवार काढून घेतील. मंगळवार गेले तर त्याच्यामागं त्या निसटलेल्या चेंडूखेरीज काय उरणार होतं?

त्याच उन्हाळ्यात पोरांत एक खूळ निघालं आणि डेसचं नशीब उघडलं. फॉरवर्ड म्हणून येणारी पोरं बुटांभोवती रंगीत चिकटपट्टी गुंडाळायला लागली. एकाची नारिंगी, एकाची हिरवी, एकाची पिवळी, अशी लांबूनही भडक दिसणारी. "काय हे नटणं," डेस कोचपाशी कुरकुरला, "आमच्या वेळी बूट काळे असायचे आणि खेळ रंगीत असायचा." मनातून मात्र त्याला हसू येत होतं. तोंडं दिसत नव्हती, पण बूट दिसत होते. मान थोडी समुद्राकडं वळवली की डोळ्याच्या कडेला नारिंगी ठिपका सुटलेला दिसायचा, आणि हा टेट, हे कळायचं. पोरं हात पुढं करून उभी राहिली की खाली नजर टाकायची, पट्टीचा रंग बघायचा, मग पोराचा हात हातात घेऊन अंगठा फिरवायचा. फक्की अंगठ्याला कळते. पोरांच्या नटव्या खुळाचा आपण कसा फायदा उठवला, असं म्हणून तो स्वतःवरच खूश होता. दोन वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही.

या वर्षी नऊ पोरं आली. चौथ्या मंगळवारपर्यंत दोन उरली. टेट क्लाइनिग, बार्लीवाल्या क्लाइनिगांचा धाकटा, नारिंगी पट्टी. आणि रीस डॅडो, मासेमाराचा पोरगा, हिरवी पट्टी. या वर्षी नुसती क्लबातली जागा नव्हती. शहरातल्या मोठ्या क्लबानं द्वीपकल्पावरच्या प्रत्येक क्लबाकडून एकेक फॉरवर्ड चाचणीला मागवला होता. वय एकोणिसाच्या आत. टेटला मार्चमध्ये एकोणीस पुरी होणार होती, म्हणजे त्याच्यासाठी ही पहिली आणि शेवटची वेळ. रीसला अजून एक वर्ष होतं.

टेट डेसला आवडायचा. तसं त्यानं कुणाला सांगितलं नसतं, जीव गेला तरी. पण चार मंगळवार त्या पोराच्या हातांवरून अंगठा फिरवताना डेसला दरवेळी फक्त बोटांच्या टोकांना फक्की लागली होती, आणि असे हात त्यानं चाळीस वर्षांत दोन-तीनदाच धरले होते. पाचवा मंगळवार म्हणजे नुसता उपचार, असं त्यानं धरलं होतं.

पाचव्या मंगळवारी नारिंगी पट्टी अडखळली. सुटायला उशीर, उडी अर्धवट. पहिला चेंडू, डेसनं हात धरले, अंगठा फिरवला. "तळवा." दुसरा, "तळवा." तिसऱ्याला तर अंगठा फिरवायची गरजच नव्हती, जर्सीच पांढरी झाली होती. "छाती," डेसला म्हणावं लागलं. हिरवी पट्टी मात्र त्या दिवशी वाऱ्यावर स्वार होती. सहा चेंडू, सहा वेळा "बोटं."

डेस खांबाला टेकून हिशेब करू लागला. चार मंगळवार एकीकडं आणि एक मंगळवार एकीकडं. पण फायनलसुद्धा एकच दिवस असते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? ज्या दिवशी लागतं त्या दिवशी हात चालले पाहिजेत. त्यानं वहीचं पान फाडलं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात 'रीस' लिहिलं आणि घडी करून कोचच्या हातात दिलं.

कोच जोएल हा डेसनंच अठराव्या वर्षी निवडलेला फॉरवर्ड. आता अडतिशीचा, वीजजोडणीची कामं करणारा, गावातल्या निम्म्या घरांत त्याच्या हातचे पंखे फिरताहेत. त्यानं पान उघडलं, जरा जास्तच वेळ बघितलं.

"नक्की ना, म्हाताऱ्या?"

"मी कधी कच्चं लिहिलंय?"

"नाही," जोएल म्हणाला, "कधीच नाही." आणि पान खिशात घातलं.

रविवारी सकाळी डेस जेटीवर गेला. निळ्या खेकड्यांचे दिवस होते, लाकडी कठड्याला जाळी सोडून माणसं बसली होती. त्याच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं आणि म्हणालं, "काय डेस, लागतायत का?" आवाज टेटचा होता. जेटीवर बोलायला बंदी नव्हती, त्यामुळं इथं डेसला माणसं ओळखू यायची.

"लागतायत बारके बारके. तू आज मैदानावर नाहीस?"

"पाय टेकवत नाही हो. दोन्ही टाचा सोलून निघाल्यात. चपला घालून फिरतोय."

"नवे बूट घेतलेस की काय?"

"कुठले नवे, रीसचे. मंगळवारी त्याच्या अंगठ्याचं नख उखडलेलं, त्याला त्याचे बूट घालवेनात. माझे अर्ध्या नंबरानं मोठे. म्हटलं, घाल बाबा माझे, दीड तासाचा तर प्रश्न आहे. त्याचे मी कसेतरी कोंबले. जीव गेला नुसता."

डेसच्या हातातली दोरी सैल पडली. खाली जाळं पुन्हा तळाला गेलं.

"म्हणजे मंगळवारी हिरवी पट्टी तुझ्या पायात होती," तो म्हणाला.

चांगलं बोलत असलेलं पोर, शब्द गिळून बसलं. मग म्हणालं, "डेस, काही झालं का?"

"काही नाही. तुझं जाळं ओढ, खेकडा जाईल."

खेकडे तिथंच बादलीत ठेवून डेस घराकडं निघाला. वाटेत त्याला सगळं नीट दिसत होतं, डोळ्यांनी नव्हे. पोरानं दुसऱ्याचे पाय दुखू नयेत म्हणून स्वतःचे सोलून घेतले, त्या पायांवर सहाच्या सहा चेंडू बोटांत धरले, आणि त्याचं बक्षीस म्हणून डेस पेनबर्थीनं त्याचा पत्ता कापला. शुक्रवारीच नाव शहरात गेलं असणार. मार्चमध्ये पोर एकोणिसाचं होणार. मग आयुष्यभर बार्ली, आणि बार्लीच्या शेतात ट्रॅक्टरवर बसून एकच विचार, की त्या मंगळवारी माझं काय चुकलं. डेसला ते आयुष्य पाठ होतं. फरक इतकाच की डेसचा चेंडू खरंच निसटला होता, आणि या पोराचा निसटला नव्हता.

घरी नोरीन ओट्याशी बटाटे सोलत होती. डेसनं खुर्ची ओढली आणि तिला सगळं सांगितलं. डोळे, डॉक्टर, इंजिनाचा खोटा भाग, पट्ट्या, बूट. दोन वर्षं दाबून ठेवलेलं दहा मिनिटांत संपलं. ती सोलत राहिली.

"मी जोएलकडं चाललोय," डेस म्हणाला.

"जाऊ नकोस."

"काय?"

"झालं ते झालं, डेस. गेलेलं नाव परत येत नाही. जाऊन काय मिळवणार? तुझे मंगळवार जातील."

डेसला आपल्या कानांवर विश्वास बसेना. ही नोरीन. दुकानदारानं चुकून एक अंडं जास्त दिलं तर परत नेऊन देणारी बाई. "पोराचं वाटोळं झालंय माझ्या हातून," तो म्हणाला. "आणि तू मला तोंड मिटून बस म्हणतेस? तू?"

नोरीननं सुरी खाली ठेवली. काहीतरी म्हणायला तिनं तोंड उघडलं असावं, पण डेसला तोंड दिसत नव्हतं. "टोपी घालून जा," एवढंच ती म्हणाली. "ऊन आहे."

जोएल त्याच्या गाडी लावायच्या छपराखाली होडीच्या दिव्यांच्या तारा जोडत बसला होता. डेस उभ्या उभ्याच बोलला. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली होती ती सगळी विसरली. मला दिसत नाही, तो म्हणाला. दोन वर्षं झाली. मी पोरांना बुटांच्या पट्ट्यांवरून ओळखतो, आणि मंगळवारी त्यांनी बूट बदलले होते. नाव टेटचं हवं होतं. तू शहरात फोन कर, भांड, माझं नाव सांग, म्हातारा आंधळा आहे सांग, गावभर सांगितलंस तरी चालेल, पण पोराला पाठव. मी परत मैदानावर पाऊल ठेवणार नाही.

इतकं बोलून त्याला धाप लागली. आधाराला त्यानं कामाच्या टेबलावर हात टेकला, आणि हाताखाली काहीतरी गोल लागलं. त्यानं मान वाकडी करून कडेनं बघितलं. चिकटपट्टीच्या गुंडाळ्या. नारिंगी, हिरवी, पिवळी. तारांना गुंडाळतात ती.

"बस, डेस," जोएल म्हणाला.

"बसत नाही. फोन कर."

"नाव टेटचंच गेलंय."

डेसनं हाताखालची नारिंगी गुंडाळी उचलली.

"गुरुवारीच पाठवलं," जोएल म्हणाला. "खांबाच्या मागं फोनचा कॅमेरा लावून ठेवतो मी. सराव झाला की घरी बसून बघतो, सगळे चेंडू, सगळी पोरं. तुझं पान वाचलं तेव्हाच कळलं की त्यांनी बूट बदललेत. तू काळजी करू नकोस. पोराचं काही नुकसान झालेलं नाही."

आता कुणालाही वाटेल की डेसनं सुटकेचा श्वास टाकला असेल. टाकला, नाही असं नाही. पोर वाचलं होतं. पण त्या श्वासाच्या मागोमाग दुसरी गोष्ट आली आणि ती येऊन बसली ती उठेना.

"मागच्या वर्षी?" त्यानं विचारलं. "मी लिहिलेली दोन्ही नावं?"

जोएल तारेशी चाळा करत राहिला. "एक तुझं घेतलं. एक बदललं."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"डेस, कशाला."

"सांग."

"दोन्ही बदलली."

"म्हणजे मी बादली घेऊन यायचो, पोरं हात पुढं करायची, मी लिहायचो," डेस म्हणाला, "आणि तू घरी जाऊन ते पान चुलीत घालायचास."

"चुलीत नाही. डब्यात आहेत सगळी. एकही टाकलं नाही मी." जोएलचा आवाज चिरकला. "मला तू निवडलंयस, म्हाताऱ्या. मी तुला काय म्हणून सांगणार होतो?"

"पट्ट्या तुझ्या."

"पट्ट्या माझ्या."

"पोरांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना."

"डोक्यातून तुझ्या निघालं हे?"

होडीवर कुठंतरी तार टकटक वाजत होती. डेसला उत्तराची गरजच पडली नाही. दोन वर्षांपूर्वी सरावाच्या आदल्या दिवशी नोरीन कुणाकडं तरी बटाटा-मांसाच्या पेस्टीचं अख्खं ताट घेऊन गेली होती, रिकाम्या हातानं आली होती, आणि कुठं गेली होतीस विचारल्यावर चर्चचं नाव सांगितलं होतं. त्याला तेव्हाच नवल वाटलं होतं, चर्चला एवढ्या पेस्टी कशाला.

"तिनं एवढंच मागितलं," जोएल म्हणाला. "मंगळवार राहू दे त्याचे."

"चाळीस वर्षं मी चुना लावला," डेस म्हणाला, "आणि दोन वर्षं तुम्ही सगळ्या गावानं मिळून मला लावलात." तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. नारिंगी गुंडाळी त्यानं जागच्या जागी ठेवली आणि घरी आला.

नोरीननं ताट वाढून ठेवलं होतं. दोघं समोरासमोर बसली.

"मला सांगायचं होतंस," डेस म्हणाला.

"तू मला सांगितलं होतंस?"

तिनं ताटातली भाजी त्याच्या कडेला सरकवली, जिथं त्याला दिसते तिथं. हे ती दोन वर्षं करत होती, आणि त्याच्या हे आज लक्षात आलं.

"पेपर उलटा धरायचास कधी कधी," ती म्हणाली. "मला रडू यायचं. मग वाचायला घ्यायचे."

टेट शनिवारी शहरात गेला आणि तिथल्यांनी त्याला ठेवून घेतलं. जायच्या आधी तो फाटकाशी आला होता, जेटीवर राहिलेली बादली घेऊन. माफी त्यानंच मागितली, कशाची ते त्याला सांगता येईना. डेसनं त्याचे हात हातात घेतले आणि बोटं दाबली. "हेच वापर," तो म्हणाला. पोर गेल्यावर तो पायरीवर बसून रडला. आनंद होता त्यात, पण सगळा आनंद नव्हता. चाळीस वर्षांतला सगळ्यात चांगला फॉरवर्ड गावातून बाहेर पडला, आणि त्याला पाठवणारं नाव डेसनं लिहिलं नव्हतं.

पाच मंगळवार संपले होते. पण टेट गेल्यानं क्लबातली फुल फॉरवर्डची जागा रिकामी झाली, आणि सोमवारी जोएलनं फोन केला. ये, म्हणाला, अजून एक मंगळवार काढू. डेस नाहीच म्हणाला. मंगळवारी दुपारभर तो व्हरांड्यात बसून राहिला. पाच वाजता नोरीन शेडमध्ये गेली आणि बादली भरून, ओलं फडकं टाकून त्याच्या पायाशी आणून ठेवली. फक्की तिच्या एप्रनला लागली होती.

"मैदानावर देऊन तरी ये," ती म्हणाली. "पोरं थांबली असतील."

तो गेला. समुद्रावरून वारा सुटला होता, वाळक्या गवतावर माश्या घोंगावत होत्या. चार-पाच पोरं उभी होती. डेसनं सवयीनं मान वळवली, कडेनं खाली बघितलं, आणि त्याला एकही रंग दिसला नाही. सगळे बूट काळे होते. पोरांनी पट्ट्या काढून टाकल्या होत्या. आता नाटक कशाला, असं त्यांना वाटलं असेल, किंवा लाज वाटली असेल. चांगलीच पोरं होती ती. कुणाचा काही दोष नव्हता.

चेंडू फक्कीत घोळवले गेले. पहिला उडाला. लांब कुठंतरी काळं काहीतरी सुटलं, पळालं, उडी मारली. डेसला तेवढंच कळलं. मग पावलं जवळ आली, दमलेला श्वास आला, दोन हात पुढं झाले. आणि ज्या मैदानावर चाळीस वर्षांत हात पुढं केलेल्या कुणी तोंड उघडलं नव्हतं, तिथं ते पोर हळूच म्हणालं, "डेस, मी रीस."

खांबाच्या मागं फोन लावलेला असणार हे डेसला ठाऊक होतं. आज रात्री जोएल घरी बसून बघणार, आणि काय ते ठरवणार. वही डेसनं आणलीच नव्हती.

त्यानं रीसचे हात धरले आणि अंगठा फिरवला. बोटांच्या टोकांना फक्की नव्हती. तळव्यांवर फक्कीचा जाड थर होता, मनगटापर्यंत. डेसला एकोणऐंशीचे स्वतःचे तळवे आठवले. यापूर्वी असा हात हातात आला की त्याचा 'तळवा' तयार असायचा. त्यानं पोराचे हात जरा जास्त वेळ धरून ठेवले.

"बोटं," तो म्हणाला.

रीस तसाच उभा राहिला. त्यानं आपले पांढरे तळवे बघितले, मग डेसकडं बघितलं, आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला.